सुईकाकूच्या तोंडाला तीन टाके

सुईकाकूला गप्प बसलेली कुणी कधी पाहिलीच नव्हती. रफू करताना माणसं श्वाससुद्धा जपून घेतात. सुतात सूत मिळवायचं काम ते, एक चुकलं की सगळं उसवा. पण ही बाई हाताने कापड सांधायची आणि तोंडाने अख्ख्या गल्लीच्या बातम्या उसवायची. दातांत दोरा धरला तरी बोलायची. बोलणं समजायचं नाही, पण थांबायचं नाही.

बसायची ती कडकच्या लॉन्ड्रीत. त्याचं खरं नाव त्याच्या रेशनकार्डावर असेल, गल्लीत तो कडक. इस्त्री अशी करायचा की शर्टाची कॉलर माणसाआधी रस्त्याने चालायची. माणूस मात्र कापसाहून मऊ. कुणी मोठ्याने बोललं तरी ह्याचे कान लाल.

काकूची राहायची खोली मागच्या अंगाला, भिंतीला भिंत, उजेडाचं नाव नाही. काळ्या कापडात काळा दोरा घालायचा तर लख्ख उजेड लागतो बघ. एक दिवस ती पडदे धुवायला द्यायला आली आणि लॉन्ड्रीच्या रुंद खिडकीपाशी थबकली.

"अरे, एवढा उजेड तू नुसता टेबलावर सांडतोस होय?"

"मग बसा की," कडक म्हणाला.

ती बसली ती अकरा वर्षं. गिऱ्हाइकाच्या कपड्याला भोक दिसलं की कडक तो कपडा खिडकीकडे सरकवायचा. ह्याची धुलाई, तिची रफू. नातं म्हणशील तर काही नाही, आणि म्हणशील तर पाठच्या भावासारखं.

कडकची एक खोड होती. कपडा पाण्यात घालायच्या आधी सगळे खिसे उलटे करायचा. जे निघेल ते कागदाच्या पाकिटात घालायचा आणि धुऊन, इस्त्री करून झालं की ते पाकीट त्याच कपड्याच्या आत, कॉलरखाली डाव्या बाजूला सेफ्टी पिनने लावून द्यायचा. बसचं फाटकं तिकीट असो, सुपारीएवढा दगड असो, गोळीचा कागद असो. लोक हसायचे. "कडकभाऊ, माझा कचरा मला साभार परत!" असं म्हणायचे. काकूही चिडवायची, "अरे, एखाद्याने खिशात शिंकलं असेल तर तेही बांधून दे."

हा आपला पिन लावायचा.

आणि अशा माणसावर चोरीचा आळ आला.

गल्लीच्या तोंडाशी दातांचे डॉक्टर होते. वयस्क, सरळमार्गी माणूस. हातमोजे घालायचे म्हणून बोटातली अंगठी काढून कोटाच्या आतल्या खिशात टाकायचे. अंगठी वडिलांची, जड, जुन्या घडणीची. एकदा बोटाला सूज आली म्हणून बरेच दिवस घातली नाही. दीड महिन्याने शोधायला गेले तर अंगठी नाही. घर पालथं घातलं. मग आठवलं, शेवटची कोटात होती आणि तो कोट लॉन्ड्रीत जाऊन आला. ते पोलिसांत गेले. पोलिसांनी कडकचं नाव आपल्या जुन्या कागदांत शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला दुकानातून उचलून नेलं. खिशातलं सगळं परत दिलंय, असं तो म्हणत होता, पण कुणी ऐकलं नाही. इस्त्री तशीच गरम. काकूनेच उठून ती बंद केली.

चार दिवसांनी जामिनावर सुटून आला, पण खटला उभा राहिला. दोषी ठरला तर दोनतीन वर्षं आत. दुकानाला कायमचं कुलूप.

काकू गप्प बसणारी होती थोडीच? एक वही घेतली आणि निघाली दारोदार. "कडक कसा माणूस आहे ते तुम्हाला माहीत आहे ना? मग करा सही." पाववाल्याने केली, शाळेच्या शिपायाने केली, दुधाच्या दुकानातल्या वहिनींनी केली. एका आजोबांना दिसत नव्हतं, त्यांनी वहीऐवजी टेबलावरच सही केली, ती पुन्हा घ्यावी लागली. बासष्ट सह्या झाल्या. वर काकूने सांगून लिहून घेतलं, "हा माणूस जन्मापासून आजपर्यंत अत्यंत प्रामाणिक असून त्याने कुणाच्या काडीलाही हात लावलेला नाही."

ती वही छातीशी धरून, कडकला बरोबर घेऊन ती त्याचा खटला घेतलेल्या वकीलबाईंच्या ऑफिसात गेली. ऑफिस म्हणजे दोन खुर्च्या, एक स्टूल आणि फायलींचा ढिगारा. वकीलबाई तिशीचीसुद्धा नसेल. तिने वही वाचली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, ही वही सरकारी वकिलाला दाखवली का?"

"अजून नाही. उद्या दाखवू का?"

"अहो, नका! हात दाखवून अवलक्षण होईल."

"का गं? खोटं आहे का ह्यात काही?"

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. "बघा. कोर्टात असा नियम आहे की माणूस मुळात कसा आहे ह्यावरून त्याला शिक्षा करायची नाही. ही अंगठी त्याने घेतली की नाही, तेवढंच बघायचं. म्हणून त्याच्या आयुष्यातली जुनी वाईट गोष्ट सरकारी वकिलाला उकरून काढता येत नाही. काल पडला म्हणून आज पडलाच असेल, असं धरायचं नाही."

"मग चांगलाच नियम आहे की."

"चांगलाच आहे. पण आपणच उठून म्हटलं की हा फार सज्जन, तर त्यांना त्यावर उत्तर द्यायची मोकळीक मिळते. मग ते जुनं सगळं काढू शकतात."

"हे बाकी घरच्यासारखंच झालं," काकू म्हणाली. "आपण लेकाचं कौतुक सुरू केलं की शेजारीण त्याचे मार्क काढते. पण काढू दे ना! काढून काढून काय काढणार? ह्याच्यापाशी काढण्यासारखं आहे काय?"

वकीलबाईने कडककडे पाहिलं. कडक दाराला टेकून उभा होता. कान लालबुंद.

"आहे, काकू," तो म्हणाला. "विसाव्या वर्षी कापडाच्या गोदामात चोरी केली होती मी. केली होती, आळ नव्हता. चौदा महिने आत होतो."

काकू टेबलावरच्या वहीकडे बघत राहिली. "काडीलाही हात लावलेला नाही" असं तिने बासष्ट घरांत जाऊन सांगितलं होतं.

त्या दिवशी ती खिडकीपाशी बसली आणि एक अक्षर बोलली नाही. गिऱ्हाइकं आत डोकावून विचारायची, "काकूंना बरं नाही का?" कडकने तीन शर्ट इस्त्री केले, चौथ्याची बाही जाळता जाळता वाचली. शेवटी काकूनेच सुई कापडात खोचून ठेवली.

"अकरा वर्षं मी इथे बसते. माझी दाढ कधी ठणकली तेसुद्धा तुला माहीत. आणि तू मला एवढी मोठी गोष्ट सांगितली नाहीस?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"तुम्ही बोलायच्या थांबलात की. थांबलातच नाही कधी. मध्ये कुठे घालू?"

काकूला हसू आलं, पण तिने ते गिळलं. राग अजून पुरता उतरला नव्हता. "बरं, आता थांबले. सांग."

मग त्याने सांगितलं. गोदामात हमाली करायचा, संगत वाईट, रात्रीतून कापडाचे चार तागे उचलले आणि आठ दिवसांत पकडला गेला. तुरुंगात त्याला धुलाईखान्यात घातलं. तिथे एक म्हातारा मुकादम होता. कैद्याचा कपडा धुवायला आला की खिसा उलटा करायचा, आणि निघालेली बिडी असो की पोराचा फोटो, पाकिटात घालून कपड्याला टाचायचा. म्हणायचा, "आपल्याकडे सगळे चोरच आहेत, म्हणून इथे एक काडी हलता कामा नये."

"ते मला लागलं काकू. सुटलो त्या दिवशी ठरवलं, कुणाच्या खिशातलं काही आपल्या हातात राहायचं नाही. कचरा असला तरी नाही. कचरा कुठला आणि मोलाचं कुठलं, हे ठरवायला मी बसलो की मी पुन्हा घसरलो."

काकूने बराच वेळ सुईचं नेढं डोळ्यासमोर धरलं. दोरा ओवता येईना. मग म्हणाली, "तो डॉक्टरांचा कोट. राखाडी. अस्तर फाटलं होतं ना त्याचं, डाव्या बाजूला?"

"हो. तुम्हीच शिवलंत."

"मीच शिवलं." ती उठून उभीच राहिली. "अरे, मग सज्जनपणाची वही हवीय कशाला? मला दिसलंय ते सांगते की!"

दुसऱ्या दिवशी वकीलबाईने ते ऐकून घेतलं आणि खुर्चीतून उठून दोन येरझाऱ्या घातल्या. "हे चालतं, काकू. माणूस चांगला की वाईट, हे नाही चालत. पण तो रोज न चुकता एक काम एकाच पद्धतीने करतो, आणि तुम्ही ते रोज बघता, हे चालतं. आणि तो कोट तर तुमच्या हातातून गेलाय. फक्त एक करायचं. विचारलं तेवढंच बोलायचं."

इथे खरी पंचाईत. तालीम सुरू झाली.

"आरोपीला तुम्ही ओळखता का?"

"ओळखते म्हणजे काय, सोन्यासारखा—"

"नाही!"

"बरं. ओळखते. देवमाणूस—"

"काकू!"

"ओळखते," काकू म्हणाली आणि पदर तोंडात धरला.

आठ दिवस हे चाललं. कडकला ह्यात हसू का रडू असं झालेलं. शेवटी वकीलबाईने युक्ती काढली. "प्रश्न आला की मनातल्या मनात तीन टाके घाला. मग उत्तर. तेवढ्यात मला उठायचं असेल तर मी उठेन."

काकूने एक शंका काढली. "त्यांनी विचारलं, हे पिन लावणं हा कुठे शिकला, तर? मला माहीत आहे आता."

"विचारायला नको त्यांनी. विचारलं तर तीन टाके. मी हरकत घेईन."

"आणि जज्जसाहेबांनी तुझी हरकत मानली नाही तर?"

"तर खरं सांगायचं," वकीलबाई म्हणाली. "शपथ घेतलेली असेल तुम्ही. खोटं बोलून वाचवायचं नाही."

काकूला त्या रात्री जेवण गेलं नाही. आपल्याच तोंडून तो आत जायचा, एवढंच तिच्या डोक्यात.

खटल्याचा दिवस उजाडला. कोर्टाची खोली कशी असते तर शाळेच्या वर्गासारखी, फक्त कुणी दंगा करत नाही. उंच खिडक्या, घासून गुळगुळीत झालेले बाक. जज्जसाहेबांना सर्दी झालेली, हातात रुमाल. डॉक्टरांनी आधी साक्ष दिली. अंगठी होती, कोटात होती, कोट लॉन्ड्रीत गेला, आता नाही. खोटं त्यात काही नव्हतं. बोलताना वडिलांचं नाव आलं तसा त्यांचा आवाजही ओला झाला. काकूला त्यांचाही राग येईना, हीच पंचाईत.

मग तिचं नाव पुकारलं. तिने शपथ घेतली. कोट टेबलावर पसरलेला होता.

"हा कोट तुम्ही पाहिलाय?" वकीलबाईने विचारलं.

एक टाका, दोन टाके, तीन टाके. "पाहिलाय."

"कधी?"

"धुऊन, इस्त्री होऊन माझ्याकडे आला तेव्हा. डाव्या बाजूला अस्तर फाटलं होतं. मला ते शिवायचं होतं, पण तिथेच पाकीट लावलेलं. कपड्याच्या खिशातलं जे निघतं ते पाकिटात घालून तो डाव्या बाजूलाच लावतो. अकरा वर्षं बघते. एक कपडा चुकला नाही. माझ्या पदरालासुद्धा एकदा बटण टाचून दिलं होतं." खोलीत कुणीतरी हसलं. "मला शिवायला अडचण होत होती म्हणून मी पिन काढून पाकीट उजव्या बाजूला लावलं. शिवल्यावर परत काढलं नाही. तसाच कोट गेला."

"हे कशावरून?"

काकूने पिशवीतून भिंग काढलं आणि कोट उजेडात धरला. "हे बघा साहेब. डावीकडे दोन बारीक भोकं, ही त्याच्या पिनची. उजवीकडे दोन, ही माझी. मी जाड पिन वापरते, म्हणून भोक मोठं."

जज्जसाहेबांनी रुमाल खिशात घातला, भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

सरकारी वकील उठले. उंच, शांत माणूस. "पाकिटात काय होतं, ते तुम्ही पाहिलंत?"

"नाही. दुसऱ्याच्या पाकिटात मी बघत नाही. पण जड होतं. अस्तर खाली ओढत होतं. तिकिटाने कापड ओढलं जात नाही."

"आरोपी तुम्हाला भावासारखा आहे, खरं ना? म्हणून तुम्ही हे सांगताय."

इथे काकूच्या जिभेच्या टोकाला सगळं आलं. भाऊ काय घेऊन बसलात, लाखात एक आहे, काडीला शिवणार नाही! वकीलबाईने डोळे मिटून घेतले. एक टाका. दोन टाके. तीन.

"मला तो आवडतो," काकू म्हणाली. "पण भोकांना तो आवडतो की नाही, ते मला ठाऊक नाही. ती आपली आहेत तिथे आहेत."

जज्जसाहेबांना ठसका लागला. सर्दीचा होता की कशाचा, देव जाणे.

सरकारी वकील म्हणाले, "असं पाकीट टाचायची पद्धत जरा जगावेगळीच आहे नाही का? ही तो कुठे शिकला?"

झालं. कडकने मान खाली घातली. काकूने कठडा घट्ट धरला. आयुष्यभर न थांबलेली जीभ तिने दातांखाली दाबली आणि एक टाका घातला. दुसरा घातला. तिसरा घालताना तिला वाटलं, हा संपला की मला बोलावंच लागणार.

"हरकत आहे!" वकीलबाई उठली. "कुठे शिकला ह्याचा ह्या अंगठीशी संबंध नाही. आडवाटेने भलतीच गोष्ट इथे आणायचा हा प्रयत्न आहे, आणि ती आणायला मनाई आहे."

जज्जसाहेबांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. "तो हे करतो की नाही, एवढं पुरे. कुठे शिकला ते मला ऐकायचं नाही. काकू, उत्तर देऊ नका."

"नाही देत," काकू म्हणाली, आणि इतक्या जोरात श्वास सोडला की पहिल्या बाकावरच्यांनी वळून पाहिलं.

मग जज्जसाहेबांनी स्वतःच डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. "कोट परत आला तेव्हा आत पाकीट होतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाकीट... दर वेळी असतं. त्यात तिकिटं असतात, कापसाचे बोळे असतात. मी उघडत नाही." त्यांचा चेहरा उतरत गेला. "मी पिन काढतो, आणि पाकीट टोपलीत टाकतो. नेहमीच. तेव्हाही टाकलं असेन. हे माझ्या लक्षातच नाही आलं, साहेब."



निकाल दहा दिवसांनी लागला. आरोप सिद्ध होत नाही, सोडून द्यावं. कडक चांगला की वाईट, ह्याबद्दल त्या कागदावर एक शब्द नव्हता. काकूला ते आवडलं नाही. "एवढा खटला चालवला, आणि माणूस कसा आहे ते लिहिलंच नाही?"

"तेच तर बरं आहे, काकू," वकीलबाई पायऱ्यांवर म्हणाली. "ज्याच्याबद्दल कुणी काही चांगलं बोलणार नाही, त्यालाही असाच न्याय मिळाला पाहिजे ना?"

काकूने ह्यावर विचार केला. मग म्हणाली, "खरं आहे पोरी. पण आता मी बोलू?"

"आता बोला."

आणि मग जी सुरू झाली म्हणतेस! दोन महिने पोटात दाबलेलं सगळं तिने कोर्टाच्या पायऱ्यांवर ओतलं. कडक किती कष्टाळू, कडक किती मऊ, आजारी बाईचे कपडे हा कसा घरी नेऊन देतो. येणारेजाणारे वकील थांबून ऐकायला लागले. कडकचे कान पेटले. "काकू, बास! ह्यापेक्षा आत होतो ते बरं होतं!"

डॉक्टर खाली वाट बघत उभे होते. हात पुढे करू की नको, असं त्यांचं झालेलं. "माझ्यामुळे तुमचं..." एवढंच म्हणाले. अंगठी काही मिळाली नाही, मिळणारही नव्हती. कडक म्हणाला, "वडिलांची होती. वाईट वाटलं मला." दोघे थोडं अंतर बरोबर चालले.

घरी येताना कडक काकूला म्हणाला, "आता गल्लीला मी सांगतो. त्यांनी सह्या केल्या त्या माहीत नसताना. हे बरं नाही."

"अरे, मी सांगते ना व्यवस्थित—"

"नाही काकू. ह्या वेळी मी बोलतो, तुम्ही बसा."

ती बसली. त्याने दुकान उघडलं, इस्त्री तापत ठेवली आणि जो जो आला त्याला सांगितलं. विसाव्या वर्षी चोरी केली होती, चौदा महिने आत होतो, ही धुलाई तिथेच शिकलो. उगाच लांबण नाही, डोळ्यांत पाणी नाही. पाववाला "बरं" म्हणून गेला. एक बाई आपले कपडे उचलून निघून गेली, ती पुन्हा आली नाही. असेही असतातच. शाळेच्या शिपायाने जरा वेळ घेतला, मग आपला शर्ट टेबलावर ठेवला.

संध्याकाळी दुधाच्या दुकानातल्या वहिनी आल्या. त्यांनाही त्याने सगळं सांगितलं. काकू खिडकीपाशी सुई हातात घेऊन नुसती बघत होती, श्वास धरून.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग कमरेवर हात ठेवला.

"ते झालं रे फार पूर्वीचं. माझे पडदे कुठे आहेत? मंगळवारी देतो म्हणाला होतास, आज शनिवार!"